तिजोरीचा लॅपटॉप: जुन्या थिंकपॅडवर ओपनबीएसडी

माझ्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर आहेत. एकाला आम्ही ‘बाजाराचा’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘तिजोरीचा’. बाजाराच्या कॉम्प्युटरवर विंडोज, टॅली, डीएससीचे (डिजिटल सहीचे) टोकन, प्रिंटर, स्कॅनर, झालंच तर पार्ट्यांनी खिशातून काढून दिलेले पेनड्राइव्ह. त्याच्याकडून फार अपेक्षा नाहीत, तो बाजारच आहे. तिजोरीचा लॅपटॉप वेगळ्या टेबलावर असतो. त्यात पार्ट्यांच्या पोर्टलचे पासवर्ड, पॅन-आधारच्या प्रती, बँक स्टेटमेंटं आणि मागच्या वर्षांची विवरणपत्रं. बाजाराच्या मशीनवर चालू हंगामातली कामापुरती कागदपत्रं राहतात, काम झालं की तीही उचलून इकडे येतात. मी मिरजेत कर सल्लागार आहे, तीस वर्षं होत आली. प्रोग्रॅमर नाही. तरी हा तिजोरीचा लॅपटॉप मी स्वतः उभा केला आहे, विंडोजच्या जागी ओपनबीएसडी नावाची ऑपरेटिंग सिस्टिम घालून, आणि तो कसा केला ते इथे लिहितो.

आधी दोन ओळी कशापायी ते. २०२१च्या हंगामात ‘बँक स्टेटमेंट’ नावाची एक झिप फाइल एका पार्टीच्या मेलवरून आली. मदतनीस मुलाने ती उघडली. दुपारी चहा घेऊन येतो तर सगळ्या फाइलींच्या नावांना चमत्कारिक शेपट्या फुटलेल्या. बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा. तीन आठवड्यांच्या नोंदी पुन्हा मारल्या, ते सोसलं. पण कोणाकोणाची कागदपत्रं बाहेर गेली असतील, या विचाराने झोप उडाली. पुण्याला सर्व्हरची कामं करणारा माझा भाचा आला होता. तो एवढंच म्हणाला, “मामा, या मशीनवर आत्ता काय काय चालू आहे, ते तुम्हाला सांगता येईल का?”

टास्क मॅनेजर उघडला. खाली सरकवत गेलो. ओळखीची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

“असं मशीन मिळतं का, ज्यात ते सांगता येईल?” मी विचारलं. “मिळतं,” तो म्हणाला, “पण बरंच काही सोडावं लागेल.”

आधी काय सोडायचं ते ठरवा

हे सगळ्यात पुढे लिहितोय, कारण बहुतेकांचा हिरमोड इथेच होतो. ओपनबीएसडीवर टॅली चालत नाही. विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइनही नाही. लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय पूर्वी होती, ती २०१६ साली काढून टाकली. ब्लूटूथ २०१४ साली काढलं, कारण तो कोड नीट सांभाळणारं कोणी नव्हतं, आणि न सांभाळलेला कोड ही मंडळी घरात ठेवत नाहीत. नेटफ्लिक्स दिसत नाही. डीएससीने सही करायला जी यूटिलिटी लागते ती ओपनबीएसडीसाठी निघत नाही, त्यामुळे कंपनी किंवा एलएलपीचं जीएसटी रिटर्न भरायला मला बाजाराच्या मशीनवरच जावं लागतं. प्रोप्रायटर पार्टीचं ओटीपीवर होतं, ते फायरफॉक्समधून इथेही होतं.

म्हणजे हे घरातलं एकुलतं एक मशीन म्हणून बसवू नका. एक काम ठरवा: पासवर्ड आणि कागदपत्रं सांभाळणं, लिहिणं, किंवा घरच्या नेटवर्कच्या तोंडाशी फायरवॉल म्हणून बसणं. त्या एका कामाला हे उत्तम आहे. “सगळंच यावर करीन” म्हणणाऱ्याने लिनक्स मिंट घ्यावं आणि सुखी राहावं.

मशीन

मी सेकंडहँड थिंकपॅड एक्स २३० घेतला. २०१२चं मॉडेल, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, त्यात २४० जीबीची नवी एसएसडी मी घातली. विंडोज ११ला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे असे धडधाकट लॅपटॉप बाजारात भंगाराच्या जवळपासच्या भावात मिळतात. ओपनबीएसडी लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळ जण स्वतः थिंकपॅड वापरत आले, म्हणून त्यावर आवाज, वायफाय, झाकण मिटल्यावर झोपणं, सगळं बहुधा पहिल्या फटक्यात चालतं. नवाकोरा गेमिंग लॅपटॉप यासाठी घेऊ नका. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाला इथे धड ड्रायव्हर नाही.

उतरवून घेणं आणि तपासणं

या लेखात कमांडी मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लहान अक्षरांत करायच्या.

प्रकल्पाच्या साइटवरून एएमडी६४ विभागातली ‘इन्स्टॉल’ने सुरू होणारी आणि ‘आयएमजी’ने संपणारी फाइल घ्या. प्रोसेसर इंटेलचा असला तरी एएमडी६४च, घाबरू नका. शेजारीच ‘एसएचए२५६’ नावाची छोटी फाइल असते, तीही घ्या. विंडोजवर ‘सर्टयूटिल’ कमांडने इमेजचा, म्हणजे त्या मोठ्या फाइलीचा, हॅश (फाइलीचा ठसा म्हणावा असा लांब आकडा) काढा आणि छोट्या फाइलीतल्या आकड्याशी ताडून पाहा. मी पहिले आठ आणि शेवटचे आठ अंक पाहतो. भाचा म्हणतो, पूर्ण पाहायचे. बरोबर त्याचंच आहे. मग रूफस या विंडोजच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर उतरवा.

इन्स्टॉलर: प्रश्नोत्तरं

हा भाग मला सगळ्यात आवडला. चित्रं नाहीत, माउस नाही, जाहिरात नाही. काळ्या-निळ्या पडद्यावर एकेक प्रश्न येतो, कंसात सुचवलेलं उत्तर असतं, पटलं तर एंटर. जुन्या सरकारी फॉर्मपेक्षा सोपं. पेनड्राइव्ह लावून चालू करताना एफ१२ दाबून त्यावरून बूट करा आणि ‘आय’ अक्षर दाबून सुरुवात करा.

मशीनचं नाव: मी ‘तिजोरी’ दिलं. नेटवर्क: वायर लावा. एक्स २३०च्या वायरीच्या पोर्टला ‘ईएम०’ असं नाव दिसतं. वायफायच्या चिपला जे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) लागतं, त्याची परवानगी ओपनबीएसडीच्या मंडळींना इन्स्टॉलरमध्ये घालण्याजोगी मोकळी वाटत नाही, म्हणून ते नंतर नेटवरून उतरतं. नेट यायला वायफाय हवं आणि वायफायला नेट, असा पेच होतो. वायर नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, तो बहुधा ‘यूआरएनडीआयएस०’ नावाने दिसतो.

रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाचा, पासवर्ड द्या. ‘एसएसएचडी’ (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारी सेवा) सुरू करायचं का? सुचवलेलं उत्तर ‘यस’ असतं. मी ‘नो’ लिहिलं, कारण या लॅपटॉपमध्ये बाहेरून कोणी शिरण्याचं कारणच नाही. ‘एक्स विंडो’ (खिडक्या आणि माउस असलेला पडदा) वापरणार का? यस. ‘झेनोडीएम’ने ते आपोआप सुरू करायचं का? इथे सुचवलेलं ‘नो’ असतं, ते बदलून ‘यस’ करा, नाहीतर दर वेळी काळ्या पडद्यावर उतराल. मग स्वतःच्या नावाचा युजर बनवा. पुढे टाइमझोन. नेट नसेल तर इन्स्टॉलर ‘कॅनडा/माउंटन’ सुचवतो, कारण या प्रकल्पाचे संस्थापक थिओ डी राड्ट कॅलगरीत राहतात आणि १९९५ साली नेटबीएसडी या आधीच्या प्रकल्पापासून वेगळे होऊन त्यांनी तिथेच हे मांडलं. कॅनडातून चालवण्याचा एक फायदाही झाला. तेव्हा अमेरिकेतून सांकेतिकरणाचे प्रोग्रॅम बाहेर पाठवण्यावर कडक बंधनं होती, कॅनडात तशी नव्हती. आपण ‘एशिया/कोलकाता’ लिहायचं.

आता महत्त्वाचा प्रश्न: रूट डिस्क कुठली? एसएसडी बहुधा ‘एसडी०’ आणि पेनड्राइव्ह ‘एसडी१’. प्रश्नचिन्ह टाइप केलं की डिस्कची कंपनी आणि आकार दिसतो. तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, इथे चुकीचं उत्तर म्हणजे चुकीची डिस्क कोरी. लगेच पुढचा प्रश्न, डिस्क एन्क्रिप्ट करायची का, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करायची का. सुचवलेलं उत्तर ‘नो’. तुम्ही पासफ्रेजचं (लांब पासवर्डचं) ‘पी’ दाबा. हा प्रश्न इन्स्टॉलरमध्ये २०२३च्या ७.३ आवृत्तीपासून आला. त्याआधी हेच काम हाताने कमांडी देऊन करावं लागे. पासफ्रेज लांब ठेवा, पण साध्या रोमन अक्षरांत. बूट होताना कीबोर्ड अमेरिकन मांडणीचाच असतो.

एन्क्रिप्शन केलं की ‘एसडी२’ नावाची नवी डिस्क उगवते आणि पुढचं सगळं तिच्यावर होतं. मी इथे पंधरा मिनिटं अडलो होतो, ही तिसरी डिस्क कुठून आली म्हणून. ती एसडी०चंच उघडलेलं रूप आहे. एसडी०वर फक्त न वाचता येणारा गिचमीड मजकूर राहतो. विभागणीसाठी ‘ऑटो लेआउट’ घ्या. तो एकाच डिस्कचे आठ-नऊ भाग पाडतो, ते उगाच नव्हे. एका भागात फक्त प्रोग्रॅम, एकात फक्त तुमच्या फाइली, आणि कुठल्या भागातून प्रोग्रॅम चालू द्यायचे नाहीत हे प्रत्येक भागाला वेगळं सांगता येतं.

सेट, म्हणजे सिस्टिमच्या फाइलींचे गठ्ठे, कुठून घ्यायचे? ‘डिस्क’ लिहा, मग एसडी१, मग ‘ए’ भाग. एसएचए२५६ची सही सापडत नाही, तपासणीशिवाय पुढे जायचं का, असा प्रश्न येईल आणि सुचवलेलं उत्तर ‘नो’ असेल. आपण इमेज आधीच ताडून पाहिली आहे, म्हणून ‘यस’. ताडून पाहिली नसेल तर इथेच थांबा आणि आधी ते करा. गेमचा सेट वगळला तरी चालतं. मी ठेवलाय, चार महिन्यांतून एकदा टेट्रिस खेळतो. चहा उकळून गाळेपर्यंत सगळं बसून झालेलं असतं.

पहिला अर्धा तास

रूटने लॉगिन करा आणि ‘मेल’ टाइप करा. थिओ डी राड्ट यांचं स्वागताचं पत्र आलेलं असतं. सगळ्यांना तेच येतं, तरी बरं वाटतं. पत्रात जे सांगितलंय तेच करा: ‘मॅन आफ्टरबूट’ वाचा. ओपनबीएसडीची मॅन पानं, म्हणजे मशीनमध्येच असलेली प्रत्येक कमांडीची माहिती, ही खरी चीज आहे. चुकीचं मॅन पान ही मंडळी प्रोग्रॅममधल्या चुकीइतकीच गंभीर मानतात. मला इंग्रजी वाचायचा कंटाळा, पण ही पानं आपल्या आयकर कायद्यापेक्षा शंभर पटींनी सुबोध आहेत.

मग क्रमाने तीन कमांडी. ‘एफडब्ल्यू_अपडेट’ने वायफायचं फर्मवेअर येतं. ‘सिसपॅच’ने सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. आणि ‘/इटीसी/एक्झाम्पल्स’ फोल्डरमधली डूॲजची नमुना फाइल ‘/इटीसी’त कॉपी करा. डूॲज म्हणजे डी-ओ-ए-एस, रूटचे अधिकार तात्पुरते घेण्याची कमांड. लिनक्सवाले इथे ‘सुडो’ वापरतात. सुडो मोठा झाला, त्याची सेटिंगंही मोठी झाली, म्हणून २०१५ साली यांनी तो मूळ सिस्टिममधून काढून त्याजागी हा चिमुकला प्रोग्रॅम बसवला. त्याची माझी सेटिंगची फाइल एका ओळीची आहे.

वायफायसाठी ‘/इटीसी/होस्टनेम.आयडब्ल्यूएन०’ अशी फाइल बनवा. त्यात दोन ओळी: पहिली ‘जॉइन’, पुढे वायफायचं नाव, पुढे ‘डब्ल्यूपीएकी’ आणि पासवर्ड. दुसरी ‘आयनेट ऑटोकॉन्फ’. नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत. मग ‘एसएच /इटीसी/नेटस्टार्ट’. झालं. बॅटरीसाठी ‘आरसीसीटीएल’ने एपीएमडी चालू करा आणि त्याला ‘-ए’ हा पर्याय द्या, ‘ए’ मोठ्या लिपीतला. नाहीतर पंखा विमानासारखा ओरडतो.

मूळ पडदा फारच वैराग्याचा आहे, म्हणून मी एक्सएफसीई नावाचं डेस्कटॉप घातलं: ‘पीकेजी_ॲड एक्सएफसीई’. त्याच कमांडने फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि पासवर्ड ठेवायला कीपासएक्ससी. मराठीसाठी ‘नोटो-फॉन्ट्स’. कीबोर्डला ‘सेटएक्सकेबीमॅप’ कमांडमध्ये मांडणी ‘यूएस,इन’ द्या आणि आल्ट-शिफ्टने अदलाबदल होईल असा पर्याय लावा, की इनस्क्रिप्ट मिळतं. ती ओळ घरच्या फोल्डरातल्या ‘.एक्ससेशन’ फाइलीत, एक्सएफसीई सुरू करणाऱ्या ओळीच्या वर टाका. ब्राउझर आणि लिब्रेऑफिसात जोडाक्षरं नीट दिसतात. एक्सटर्मच्या काळ्या खिडकीत मात्र ‘क्षेत्र’चे तुकडे पडतात, म्हणून फाइलींना मराठी नावं देऊ नका.

फायरफॉक्सला काही दिसत नाही

पहिल्याच आठवड्यात एका पार्टीला मेलने पीडीएफ पाठवायची होती. जोडायला गेलो तर ‘कागद’ फोल्डर रिकामा. फाइल मॅनेजरमध्ये बघतो, तिथे ऐंशी फाइली. पुन्हा फायरफॉक्सात, रिकामा. परवानग्या तपासल्या, मशीन बंद-चालू केलं, शिव्या घातल्या. शेवटी पुण्याला फोन लावला.

“मामा, बिघडलेलं नाही ते. मुद्दाम आहे. फाइल डाउनलोड्समध्ये टाका.”

टाकली. दिसली.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ओपनबीएसडीचं वेगळेपण इथेच आहे. त्यात दोन यंत्रणा आहेत, प्लेज आणि अनव्हेल. प्लेज २०१६च्या ५.९ आवृत्तीत आली, अनव्हेल २०१८च्या ६.४मध्ये. प्लेज म्हणजे शपथ. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) सांगतो, “इथून पुढे मी फक्त फाइली वाचीन आणि पडद्यावर लिहीन, नेटवर्कला हात लावणार नाही.” पुढे कोणी त्याला फितवून नेटवर्क उघडायला लावलं, तर कर्नल चौकशी करत बसत नाही, प्रोग्रॅम जागच्या जागी मारतो. अनव्हेलमध्ये प्रोग्रॅम सांगतो की मला अमुक फोल्डर पुरेत. बाकीची डिस्क त्याच्यापुरती अस्तित्वातच राहत नाही. इथल्या फायरफॉक्सला तुमच्या फाइलींपैकी डाउनलोड्सचा फोल्डर दिसतो. उद्या एखाद्या वेबपानाने फायरफॉक्सचा ताबा घेतला, तरी त्यालाही तेवढंच दिसेल. माझे ऐंशी कागद त्याच्या दृष्टीने नाहीतच.

२०२१च्या त्या दुपारनंतर मला हे ऐकून काय वाटलं असेल, ते तुम्हीच ताडा. तेव्हापासून सवय लावली आहे: पाठवायची फाइल डाउनलोड्समध्ये कॉपी, पाठवून झाली की तिथून पुसून टाकायची. जाच आहे, पण देवघरात जाताना चपला काढाव्यात तेवढाच. पॅकेजची अशी सगळी वैशिष्ट्यं ‘/यूएसआर/लोकल/शेअर/डॉक/पीकेजी-रीडमीज’ फोल्डरात लिहिलेली असतात. ती आधी वाचली असती तर फोनचे पैसे वाचले असते.

अशा खोडी अजून आहेत. मायक्रोफोनवर रेकॉर्ड केलं तर निव्वळ शांतता ऐकू येते, कारण रेकॉर्डिंग मुळात बंद असतं. ‘सिससीटीएल’ने ‘कर्न.ऑडिओ.रेकॉर्ड’ १ केलं की सुरू. माझा प्रोसेसर चार धागे चालवू शकतो, पण दोनच चालतात, कारण प्रोसेसरमधली गळती लक्षात आल्यावर २०१८ साली यांनी हायपरथ्रेडिंग बंद ठेवायचं ठरवलं. वेग कमी होतो. यांना चालतं. मला चालतं.

दारं मोजणं

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. ‘नेटस्टॅट -एनए -एफ आयनेट’ असं टाइप करा आणि ‘लिसन’ लिहिलेल्या ओळी पाहा. मूळ सिस्टिमची माझ्याकडे एकच दिसते: २५ नंबरचं पोर्ट, तेही १२७.०.०.१वर, म्हणजे मशीनने स्वतःशीच बोलायचं. बाहेरच्यासाठी दार नाही. ‘पीएस’ने पाहिलं तर एक्सएफसीई सुरू करण्याआधीची सगळी यादी जवळपास एका पडद्यात मावते आणि प्रत्येक नावाचं मॅन पान आहे. एका रविवारी वही घेऊन मी ती सगळी नावं उतरवली आणि शेजारी काम लिहिलं. कोण कशाला बसलंय हे माहीत असलेलं हे माझ्या आयुष्यातलं पहिलं मशीन.

फायरवॉल पीएफ आधीपासून चालू असते. मी ‘/इटीसी/पीएफ.कॉन्फ’मध्ये चारच ओळी ठेवल्या आहेत: ‘सेट स्किप ऑन एलओ’, ‘ब्लॉक इन’, ‘पास आउट’ आणि ‘पास इन आयनेट६ प्रोटो आयसीएमपी६’. चौथी विसरलात तर आयपीव्ही६ देणाऱ्या ब्रॉडबँडवर नेट मध्येच अडखळतं आणि कारण सापडत नाही. बदल केल्यावर आधी ‘पीएफसीटीएल -एनएफ’ने फाइल तपासा, चूक नसेल तर ‘-एफ’ने लागू करा.

दारं कमी असण्याचा अर्थ मला मार्च २०२४मध्ये खऱ्या अर्थाने कळला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला डेबियन या लिनक्सच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. खणत गेले तर ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत कोणीतरी चोरदरवाजा पेरलेला. एसएसएचला एक्सझेडशी मुळात देणंघेणं नाही. पण काही लिनक्स वितरणांनी एसएसएचडीला सिस्टमडीशी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमशी) बोलता यावं म्हणून ठिगळ लावलं होतं, त्यासाठी सिस्टमडीची लायब्ररी आली आणि तिच्या पदराला धरून एक्सझेड आली. पाहुण्याबरोबर आलेल्याच्या बरोबर आलेला चोर. गंमत म्हणजे ओपनएसएसएच हे ओपनबीएसडीच्याच मंडळींनी १९९९ साली बाहेर काढलेलं, आणि त्यांच्या स्वतःच्या आवृत्तीत ही साखळी नव्हतीच.

म्हणून ओपनबीएसडी अभेद्य आहे असं मात्र समजू नका. साइटवर ते दिमाखाने लिहितात की इतक्या वर्षांत मूळ इन्स्टॉलमध्ये दूरून शिरता येण्याजोगी फक्त दोनच छिद्रं सापडली. त्यात ‘मूळ इन्स्टॉलमध्ये’ या शब्दांवर बरंच ओझं आहे. डिसेंबर २०१९मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की युजरनेम म्हणून ‘-एसचॅलेंज’ असं दिलं की काही सेवांमध्ये पासवर्डची तपासणी टळते. पुढच्याच महिन्यात यांच्या मेल सर्व्हरमध्ये मोठं भोक निघालं. मेल सर्व्हर मूळ इन्स्टॉलमध्ये बाहेरचं ऐकत नाही, म्हणून ते त्या दोनात धरलं गेलं नाही. सल्लागाराच्या नजरेने सांगतो, हिशेब नियमात बसतो, पण टीप वाचावी.

वीज गेली की

आमच्याकडे उन्हाळ्यात वळवाच्या पावसाआधी वीज जातेच, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावाला. ओपनबीएसडीच्या फाइल सिस्टिमला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नाही. लिनक्सची एक्स्ट४ किंवा विंडोजची एनटीएफएस जशी पडून पटकन उठते, तशी ही उठत नाही. पुढच्या वेळी डिस्क तपासत बसते. एकदा तर तपासणी अर्धवट सोडून तिने मलाच विचारलं, कुठलं शेल हवं, नाहीतर एंटर दाब. धस्स झालं. एंटर दाबला, ‘एफएससीके -वाय’ दिलं, दहा मिनिटं ओळी धावल्या, ‘रीबूट’ केलं, सगळं जागेवर. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी मागवली. तुम्ही ती आधीच मागवा.

बॅकअपसाठी बाहेरची डिस्क ‘बायोसीटीएल’ने एन्क्रिप्ट करून ठेवली आहे. दर शनिवारी ‘ओपनआरसिंक’. यात खास काही नाही, फक्त शनिवार चुकवायचा नाही.

जड पर्याय कोणी घ्यावा

सुरक्षेच्या वाटा दोन दिसतात. ओपनबीएसडी घरातलं सामान कमी करतं. क्यूब्स ओएस ही दुसरी सिस्टिम उलट करते, प्रत्येक कामाला वेगळी खोली बांधते: बँकेची वेगळी, मेलची वेगळी, संशयास्पद फाइल उघडायची तर वापरून मोडून टाकायची खोली. प्रत्येक खोली म्हणजे एक अख्खं आभासी मशीन. मी याच एक्स २३०वर ८ जीबीत करून पाहिलं. चौथी खोली उघडली की लॅपटॉप धापा टाकायचा. ते स्वतः १६ जीबी रॅम सुचवतात. ज्याला दिवसभर अनोळखी माणसांच्या फाइली उघडाव्याच लागतात, उदाहरणार्थ पत्रकार, त्याने पैसे खर्चून तेच घ्यावं. माझा २०२१चा प्रसंग क्यूब्सच्या एका खोलीतच संपला असता, हे मान्य करतो.

उबंटू, मिंट, विंडोज ही वाईट नाहीत. घरच्या माणसांसाठी, प्रिंटर-स्कॅनर-व्हिडिओ कॉलसाठी तीच बरी. ओपनबीएसडीवर ब्राउझर तुलनेने मंद चालतो, तेही ऐकून ठेवा.

आणि सहा महिन्यांनी येणारं काम. नवी आवृत्ती साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. दुरुस्त्या फक्त चालू आणि तिच्या आधीच्या आवृत्तीलाच मिळतात, म्हणजे वर्षापेक्षा जास्त टाळाटाळ करता येत नाही. ‘सिसअपग्रेड’ द्या, मशीन स्वतःच रीबूट होतं, पासफ्रेज विचारतं, नवी आवृत्ती बसवतं. मग ‘पीकेजी_ॲड -यू’ने बाकीचे प्रोग्रॅम. आधी बॅकअप. मी दिवाळीचा फराळ संपला की एक आणि मार्चची धावपळ ओसरली की एक, असं धरलंय.

राहिला पासफ्रेज. तो विसरला तर डिस्क कायमची गेली. भाचा, कॅलगरी, कोणीही ती उघडू शकत नाही. मी तो कागदावर लिहून लाखेने बंद केलेल्या पाकिटात घातला आहे, आणि ते पाकीट बायकोच्या लॉकरमध्ये दागिन्यांखाली आहे. वर लिहिलंय: ‘तिजोरी. माझ्यानंतर भाच्याला द्यावे.’ दर अपग्रेडला पाकीट उघडून कागदावरचाच पासफ्रेज टाइप करून पाहतो, एखादं अक्षर चुकीचं उतरवलं असेल तर आत्ताच कळावं म्हणून, आणि मग नवं पाकीट.